चाळीस टक्के वारा

दुसऱ्या शिफ्टच्या काचा पहिल्या शिफ्टहून चांगल्या निघत होत्या, आणि का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

यंत्र तेच, शाई त्याच टाकीतली, काचाही त्याच खोक्यांतल्या. सकाळी सात ते दुपारी तीन या वेळात शंभर काचांवर लेप चढला, तर त्यांतल्या चाळीस-बेचाळीस पुढे पाठवण्यालायक ठरत. तीन ते अकरा या वेळात सत्त्याऐंशी. या दोन आकड्यांमधल्या दरीत मी सहा महिने राहत होतो. जेवायला तेवढा घरी येतो, असं माझी बायको म्हणे, आणि तेही ती सवलत म्हणून म्हणे.

आम्ही जोडथराची सौर पॅनेलं बनवतो. खाली नेहमीचं सिलिकॉन. त्याच्यावर झाकणासारखी बसवलेली, पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा लेप दिलेली दाराएवढी काच. केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ असा तो लेप उन्हातला निळा भाग स्वतः खातो आणि तांबडा भाग खालच्या सिलिकॉनसाठी सोडतो. एकाच उन्हावर दोघांचं भागतं. प्रयोगशाळेत नखाएवढ्या तुकड्यावर हे केव्हाच साधलं होतं. पण नखावर शाई एका श्वासात वाळते. दारावर ती एका टोकाला वाळून गेलेली असते तेव्हा दुसऱ्या टोकाला अजून ओली, थरथरती असते, आणि मधल्या त्या काही सेकंदांत काय वाटेल ते घडू शकतं. कडांना चरे उमटतात. मध्येच डोळे, म्हणजे बारीक भोकं, पडतात. मग भट्टीतून काच बाहेर येते तेव्हा जिथे गर्द तपकिरी अंधार हवा तिथे पिवळे डाग असतात. पिवळं म्हणजे मेलेलं. आमच्या कामात एवढं एक वाक्य पाठ असलं तरी निभतं.

दुसऱ्या शिफ्टला त्या यंत्रावर माझी ताई होती.

ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि त्यानंतर मला ज्या हातांनी वाढवलं ते हात दिवसभर आरशांच्या कारखान्यात काचेवर रुपेरी पाणी ओतत असत. पंचवीस वर्षं तिने तेच केलं. माझं लग्न आरशांशी लागलंय, नवरा तोंडावर खरं बोलतो, असं ती सांगे. आरशांचा कारखाना बंद पडल्यावर मीच तिचं नाव इथे सुचवलं. मुलाखतीत तिला विचारलं, शिक्षण किती? ती म्हणाली, "माझं की मी शिकवलेल्याचं?" आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

लेपाच्या खोलीत पिवळेच दिवे असतात, कारण त्या शाईला निळा उजेड सोसत नाही. माणसं तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात वावरतात आणि त्यांचे फक्त डोळे दिसतात. यंत्राला एक लांब, अरुंद फट आहे. तिला आम्ही ओठ म्हणतो. ओठातून शाई काचेवर उतरते. वर पत्र्याचं छत्र आहे, छत्रातून निघणारी जाड नळी शाईतल्या द्रावकाची वाफ ओढून बाहेर नेते. छत्राला बाजूने एक छोटं दार आहे. ताई त्या दारातून वाकून ओली काच पाहायची, अगदी तोंड जवळ नेऊन, एखाद्या झोपलेल्या मुलाचा श्वास ऐकावा तशी.

शिफ्ट बदलताना आमची गाठ तिथेच पडे, दहा-पंधरा मिनिटं, पिवळ्या उजेडात, डोळ्यांना डोळे. रविवारी ती पूर्वी घरी जेवायला येई; दोन महिने झाले, तेही थांबलं होतं. थकवा येतो, म्हणायची. झोपून काढते रविवार. मीही फार खोदून विचारलं नाही. माझ्या डोक्यात सत्त्याऐंशी होते.

आमच्या कारखान्याच्या प्रमुखांना सगळे टक्केसाहेब म्हणत. ते आजारी बायकोची तब्येतही टक्क्यांत सांगत: आता सत्तर टक्के बरं आहे. एका सोमवारी त्यांनी मला बोलावून समोर एक नकाशा पसरला. नव्या कारखान्याचा. आमच्या एका लाइनच्या जागी तिथे बारा होत्या.

"यंत्रं निघालीत," ते म्हणाले. "बारा दिवसांत मला रेसिपी हवी. ओठाची उंची, शाईचं तापमान, वेग, हवा, सगळं. कागद उचलला आणि कोणालाही उभं केलं, तरी सत्त्याऐंशी यायला पाहिजेत."

"पण ते सत्त्याऐंशी कशामुळे येतात तेच मला—"

"तुझी बहीण आहे ना ती? मग विचार की घरात."

मी विचारलं नव्हतं असं नाही. दर वेळी ताई म्हणायची, "हाताचा गुण." आणि डोळे मिचकवायची. शेवटी मी माझी शिफ्ट संपवून तिच्याच शिफ्टला थांबलो. वही घेऊन तिच्या मागे उभा राहिलो, संध्याकाळी सातपर्यंत. तिने शाई ढवळली, ओठ पुसला, काच सरकवली, जे सकाळची माणसं करतात तेच, त्याच क्रमाने. आणि काचा निघाल्या सकाळसारख्याच: कडांना चरे, पिवळे ठिपके, दहातल्या सहा बाद.

"बघ," ती म्हणाली. "तुझी नजर लागते."

"ताई, चेष्टा नको. काहीतरी वेगळं करतेस तू."

"करते ना. तू नसताना शिट्टी वाजवते."

शेजारी नवी खुदकन हसली. नवी म्हणजे महिन्याभरापूर्वी लागलेली, तिशीतली एक बाई, जिला ताईच्या हाताखाली तयार करून नव्या कारखान्यात पाठवायचं होतं. आणि शिट्टी हे आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याचं टोपणनाव. जिन्यावर कोणी पळालं तरी तो शिट्टी फुंके. नवी का हसली हे मला तेव्हा कळलं नाही. मी वहीत लिहिलं: काहीही फरक नाही.

त्या रविवारी माझ्या बायकोने ताईला जेवायला बोलावलंच. बोलावलं म्हणजे फोनवर दटावलं. ताई आली ती भर दुपारी, आणि आमच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, जिच्यावर दिवसभर ऊन असतं. मी पाणी आणायला आत गेलो होतो. बाहेरून बायकोचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"ताई, जरा इकडे बघा. डोळे बघू."

"काय झालं गं डोळ्यांना? काजळ पसरलं?"

"अहो, तुम्ही या बाहेर," बायको मला म्हणाली.

मी आलो. ताईने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता.

दाराएवढ्या काचेवरचा मोहरीएवढा पिवळा ठिपका मला चार हातांवरून दिसतो. त्यासाठीच मला पगार मिळतो. भट्टीतून आलेली प्रत्येक काच आम्ही पिवळ्या खोलीतून बाहेर काढून पांढऱ्या दिव्याखाली धरतो, कारण पिवळ्या उजेडात पिवळं दिसत नाही. हा नियम मीच लिहिलेला आहे, मोठ्या अक्षरांत, भिंतीवर. आणि सहा महिने मी रोज त्या खोलीत त्या दोन डोळ्यांकडे पाहत होतो, त्यांच्याकडून एक आकडा मागत होतो. आमच्यासारख्यांखेरीज दुसरं कोण अशी चूक करील?

"कावीळ असेल," ताई म्हणाली. "बाहेरचं पाणी प्यायले असेन. जेवायला वाढा, तोंड काय बघताय माझं."

ती दोन घास जेवली.

रुग्णालयात तिला तीन दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आणि तिला एकत्र बसवून घेतलं. बाई तरुण होत्या, आणि बोलताना पेनाचं टोपण काढत-लावत होत्या.

"जंतूंची कावीळ नाही ही. दारू?"

"मुलखाची," ताई म्हणाली. मग बाई लिहायला लागल्या तसं म्हणाली, "अहो, नाही. आयुष्यात थेंब नाही."

"काम काय करता?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. शाई कशात विरघळवता, असं त्यांनी विचारलं, आणि मी द्रावकाचं नाव सांगितलं तेव्हा टोपण लावायचं राहिलं.

"ते यकृतावर जातं. श्वासातून, कातडीतूनसुद्धा. तुमच्याकडे वाफ ओढून घ्यायची सोय असेल ना?"

"आहे," मी म्हणालो. "एकदम जोरदार आहे."

ताई खाली पाहत होती. तिची बोटं मांडीवर एका ठरावीक अंतरावर पुढे-मागे सरकत होती, जसं काही ती एखादी दांडी ओढत होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते एवढंच: त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. यकृत भरून येऊ शकतं. येईलच असं नाही. कित्येक महिने लागतील, दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल, मधून मधून दाखल व्हावं लागेल. कंपनीची उपचारांची सोय आहे का? मी म्हणालो, आहे. मग देवाची कृपा समजा, असं त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांची चित्रं होती. बराच वेळ आम्ही दोघांनी ती वाचली.

"झडप," ताई म्हणाली.

"काय?"

"नळीला झडप आहे ना, वारा कमी-जास्त करायची. मी ती ओढून घेते. नळीवरच्या दुसऱ्या रिबिटपर्यंत, त्या खिळ्यापर्यंत. शिफ्ट लागली की ओढायची, संपली की उघडायची. तू आलास की उघडायची."

माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं, आणि मला स्वतःची शरम वाटते ती याची, की पहिली जी गोष्ट मला जाणवली ती सुटकेसारखी होती. अर्थात. वारा. ओल्या शाईवरून छत्राचा वारा सतत ओढला जात होता, आणि कडा मधल्या भागाआधी वाळत होत्या. नखाएवढ्या तुकड्याला कळला नसता. दाराएवढ्या काचेला तो वादळासारखा होता.

"कसं कळलं तुला?"

"पंख्याचा पट्टा सैल झाला होता एकदा. आठवतंय? दोन दिवस नळी नुसती धापा टाकत होती. त्या दोन दिवसांच्या काचा तू बघितल्या नाहीस, तू रजेवर होतास. रात्रीच्या विहिरीसारख्या होत्या, काठोकाठ. पट्टा बदलला आणि परत चरे सुरू. मग म्हटलं, बघू. आरशाचं पाणी ओतताना आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. त्याला काय मोठं शास्त्र लागतं?"

"वास येत नव्हता?"

"यायचा ना. शिळ्या मासळीसारखा. पहिला महिनाभर. मग येईना."

"आणि दारावरचं ते यंत्र? वाफ वाढली की वाजतं ते?"

"ते दाराशी आहे, माझ्या उंचीच्या दीडपट वर. वाफ खाली असते, टेबलाशी. शिट्टीला हे दोनदा सांगितलं मी, की बाबा, ते खाली लाव. तो म्हणाला, नकाशात तिथेच दाखवलंय."

"मला का नाही सांगितलंस?"

एक आजारी मुलगी, तिच्यामागे तिचा बाप सलाइनची बाटली उंच धरून, आमच्या समोरून गेली.

"पंचवीस वर्षं माझे हात विकत घेतले लोकांनी," ती म्हणाली. "इथे तुझे ते टक्के येऊन विचारायला लागले, ताई, कसं करता हो? सगळे सूटवाले. मला म्हणतात, कसं करता. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कागदावर गेलं असतं, आणि मी परत नुसते हात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "गर्व म्हण हवं तर. एवढं वाईट असेल असं नव्हतं वाटलं."

"नवीला माहीत आहे?"

"तिच्यासमोरच ओढते की. पण तिला तिथे उभं करू नका. मूल व्हावं म्हणून डॉक्टरांकडे चकरा मारतेय ती. ऐकलंस? ते बारा ठिकाणी करताय ना, तिथे आधी वारा न लागता वाफ ओढायची काहीतरी सोय करा. तू शिकलायस ना?"

सोय होती. यंत्राच्या पुढे बंद बोगदा बांधायचा. काच त्यातून संथ जाईल, वाफ खालून, शाईला स्पर्श न करता निघेल, आणि त्या बोगद्यात कोणी तोंड घालणार नाही. दुसऱ्या दिवशी मी हेच टक्केसाहेबांना सांगितलं. चित्र काढून दाखवलं. झडपेचंही सांगितलं, त्याशिवाय चित्राला अर्थ नव्हता.

त्यांनी चित्राकडे पाहिलं नाही. खणातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर सहा महिन्यांची एक वाकडी रेष होती.

"पंख्याच्या मोटरचा करंट," ते म्हणाले. "रोज दुपारी तीनला उतरतो, अकराला चढतो. तुला काय वाटलं, तो डुलकी काढतो?"

"म्हणजे तुम्हाला—"

"तीन महिने झाले. चाळीस टक्के वारा. मी मोजून घेतलंय."

मी कागदावरच्या त्या रेषेवर बोट ठेवलं.

"मग मला रेसिपी का शोधायला लावलीत?"

"कारण ती प्रक्रिया विभागाने लिहायची असते. मी लिहायची नसते." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांच्यात दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं. ते थकलेले होते, आणि त्यांच्या मागे काचेपलीकडे जेवणाच्या सुट्टीतली चारशे माणसं हात पुसत कामावर परतत होती. "बोगद्याला आठ महिने. आठ महिने बारा लाइनी बंद ठेवून बसलो तर पुढे बोगदा बसवायला कारखाना राहील का, ते तूच सांग. तोवर मास्क देऊ. जाड हातमोजे देऊ. पुढच्या वर्षी तुझा बोगदा, माझा शब्द."

"आणि ताई?"

"तिचं बघतोय ना आपण. विशेष रजा, सगळे उपचार, जितके दिवस लागतील तितके. यकृताचा आजार कोणालाही होतो." त्यांनी तो कागद खणात परत टाकला. "पण झडप तिने ओढली असं कागदावर आलं, तर नियम तुलाही माहीत आहे. सुरक्षेच्या यंत्रणेत हात घातला की त्याच दिवशी नोकरी जाते, आणि उपचारांची सोय नोकरीबरोबर जाते. तिथे मीसुद्धा शंभर टक्के हतबल आहे."

रेसिपीचा कोरा तक्ता त्यांनी माझ्याकडे सरकवला. एकतीस रकाने होते. तीस मी त्या दुपारी भरले. एकविसावा, हवेचा, रिकामा ठेवून घरी आलो, आणि तो तसाच घेऊन तीन दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी ताईच्या रक्ताचा अहवाल आला. आकडे आणखी चढले होते. रुग्णालयाच्या खिडकीवरच्या माणसाने कंपनीचं पत्र मागितलं. पत्र टक्केसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. मी त्यांच्या खोलीत गेलो, एकविसाव्या रकान्यात चाळीस लिहिले, खाली सही केली. त्यांनी पत्रावर केली. दोघांची पेनं जवळजवळ एकाच वेळी उचलली गेली.

ताईला मी एवढंच सांगितलं, की उपचारांची सोय झाली.

पुढचे तीन आठवडे ती आमच्याकडेच राहिली. डोळे थोडे निवळले. बायको तिला मुगाचं पाणी आणि फळं देई. ताई म्हणे, मी आजारी आहे की पोपट? एका दुपारी मी कामावरून आलो तर नवी आलेली होती, नव्या कारखान्यात रुजू होण्याआधी भेटायला. तिच्या हातात शेवंतीची जुडी होती आणि तिचा चेहरा आनंदाने तरारलेला होता.

"सर, मी ताईंना तेच सांगत होते," ती म्हणाली. "त्यांची झडप पुस्तकात आली. बाराही लाइनींवर चाळीस. काल शिकवलं आम्हाला, आणि मी हात वर करून म्हटलं, हे आमच्या ताईंनी शोधलंय. मला पहिल्या लाइनवर घेतलंय त्यांनी. शिफ्टची प्रमुख म्हणून."

ताई उशीला टेकून बसली होती. ती नवीशी छान बोलली. कुठे राहणार, जेवणाचं काय, नवरा येणार का, सगळं विचारलं. चहा पाजला. दारापर्यंत पोचवायला उठली, आणि तिला म्हणाली, "सोमवारच्या आधी यंत्राला हात लावू नकोस. काहीतरी कारण काढ. पोट दुखतंय म्हण."

"का हो, ताई?"

"म्हण गं. माझ्यासाठी."

दार लागलं. ती परत आली, पण खाटेवर बसली नाही. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

"कागद घे," मला म्हणाली.

"ताई, ऐक. आठ महिन्यांत बोगदा—"

"पेन पण घे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही माझी बाजू घेतली नाही. मी कागद घेतला.

"लिही. मी लेपाच्या यंत्रावर दुसऱ्या शिफ्टला काम करत होते. पुढे लिही. सहा महिने एक्झॉस्टची हवा..."

मी लिहीत गेलो. ती थांबली की मी थांबे. मग म्हणाली, वाच. मी वाचलं: "सहा महिन्यांच्या काळात एक्झॉस्टची हवा कमी ठेवली गेली."

"कोणी ठेवली?"

"ताई, ते कळतंच की—"

"कोणी ठेवली ते लिही. मराठी नीट येतं ना तुला? मी. मी स्वतः झडप दुसऱ्या रिबिटपर्यंत ओढली. रोज. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर माझं यकृत बिघडलं. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. हाच वारा आता बारा ठिकाणी ठेवणार आहेत, म्हणून कळवत आहे."

"हे दिलंस तर उद्यापासून औषध बंद. तुला कळतंय का? आकडे आत्ता कुठे उतरायला लागलेत."

"कळतंय."

"मग दुसरं काहीतरी करू. निनावी पाठवू."

"निनावी कागदाला कोण विचारतं? ते म्हणतील, बाईंची तब्येत आधीच खराब होती. मी जिवंत आहे तोवर मला येऊन बघता येईल, डोळे उघडून दाखवीन." तिचा आवाज जरासा खरखरला. ती पाणी प्यायली. "तू माझ्यासाठी सही केलीस, ते मला समजतं. रागावले नाही. पण माझ्या नावावर ती पोरगी खर्ची घालू नकोस. माझ्या औषधाची किंमत ती पोर असेल, तर मला नको ते औषध."

तिने सही केली. तिची सही मोठी, वळणदार आहे. आरशांच्या मागे नाव कोरायची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शिट्टीच्या खोलीत गेलो. ताईला जिना चढायला बराच वेळ लागला, आणि कोणी शिट्टी वाजवली नाही. शिट्टीने तिला खुर्ची दिली, चष्मा लावला आणि कागद वाचला. मग पुन्हा वाचला. वाचून झाल्यावर त्याने तो उलटा केला, जसं काही मागच्या बाजूला कोणीतरी हे सगळं खोडून ठेवलं असेल.

"ताई," तो म्हणाला, "हा मी नोंदीत घेतला ना, की मला आजच नव्या कारखान्याला थांबवायचं पत्र द्यावं लागेल. ते मी देतो. तो माझा अधिकार आहे. पण तुमचंही पत्र निघेल. संध्याकाळपर्यंत निघेल."

"निघू दे."

"ते यंत्र खाली लावायचं तुम्ही सांगितलं होतं."

"दोनदा."

"हो," तो म्हणाला. "दोनदा." चष्मा काढून त्याने पुसला, जो स्वच्छ होता. मग माझ्याकडे पाहिलं. "रेसिपीवर सही यांची आहे ना?"

"माझी आहे," मी म्हणालो.

त्याने नोंदवही उघडली, शिक्का काढला, शाईच्या डबीवर टेकवला, आणि तो मध्येच थांबला.

"दोन प्रती लागतात. एक इथे राहते, एक वर जाते."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढून घेतला. या वेळी तिने एकही शब्द सांगितला नाही, आणि मला समोरचा कागद पाहावा लागला नाही. मी लेपाच्या यंत्रावर दुसऱ्या शिफ्टला काम करत होते, असं मी लिहिलं, आणि पुढे लिहीत गेलो. ती तिचा सहीचा हात मांडीवर ठेवून, माझं संपण्याची वाट पाहत बसली होती.